आत्याची पेन्शन सुरू केलीत, आणि अडकलेलीही मिळवून दिलीत

आदरणीय ताईंस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत ते चारचौघांत सांगण्याजोगं आहे. गोव्यात आमच्या सत्तरी तालुक्यात, डिचोलीत, पेडण्यात, सांग्यात ज्यांची पेन्शन कारण न कळता थांबली आहे, त्यांच्या ते उपयोगी पडेल. म्हणून उघड लिहिते आहे. तुमचं नाव आणि तुमचं ऑफिस मात्र लिहीत नाही, कारण तुमची तशी इच्छा आहे. तुमच्या ऑफिसातले लोक तुम्हाला ओळखतील, आणि त्यांनी ओळखावंच असं मला वाटतं.

गोव्यात ‘डीएसएस’ म्हटलं की जास्त काही सांगावं लागत नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची ही दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. साठी ओलांडलेल्या, गोव्यात किमान 15 वर्षं राहिलेल्या, कमाईचा आधार नसलेल्या माणसाला महिन्याला 2000 रुपये. विधवा आणि दिव्यांगांनाही या योजनेत पेन्शन आहे. माझी आत्या काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला जायची, बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम करायची. गुडघे गेले आणि सगळंच बंद पडलं. तिला मूलबाळ नाही. त्या 2000 रुपयांत तिचा गॅस, उकडे तांदूळ, विजेचं बिल आणि बीपीच्या गोळ्या चालत होत्या.

पैसे यायचे थांबले तेव्हा तिने आम्हाला काही सांगितलं नाही. मला कळलं ते गोळ्यांच्या पाकिटावरून. प्रत्येक गोळी सुरीने मधोमध कापलेली, उरलेली अर्धी परत त्याच खळग्यात ठेवून वरचा चंदेरी कागद नीट दुमडलेला. ‘उधारी वाढू नये म्हणून,’ एवढंच म्हणाली. तिच्या डॉक्टरांनी नंतर मला चांगलंच सुनावलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते गोव्यातल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. बँकेत विचारलं तर म्हणायचे, पैसे आलेच नाहीत. पेन्शनच्या काउंटरवर विचारलं तर संगणकात बघून सांगायचे, पैसे गेलेत. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि म्हणूनच पुढे काय विचारायचं ते आम्हाला सुचत नव्हतं. एकाने सांगितलं, हयातीचा दाखला दिला नसेल. तो दिला होता. इनवर्डचा शिक्का मारलेली पोच आत्याने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. दुसऱ्याने सांगितलं, पुन्हा नवा अर्ज करा. तो केला असता तर काय झालं असतं, ते तुम्हीच नंतर समजावलंत: नवा अर्ज म्हणजे नवी मंजुरी, आणि मधले महिने कायमचे गेले.

अशात कुणीतरी आम्हाला तुमच्या टेबलाकडे पाठवलं. तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे आत्यासाठी खुर्ची मागवलीत. दुसरी म्हणजे मला सोडून तिच्याशी बोललात. ‘मावशी, पासबुक कधी बदललं?’ हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. आत्याने रबर लावलेली दोन्ही पासबुकं काढली. जुन्यावर जुन्या शाखेचं नाव, नव्यावर दुसऱ्या शाखेचं. तिची छोटी शाखा मध्यंतरी शेजारच्या मोठ्या शाखेत मिसळून टाकली होती. खाते क्रमांक तोच राहिला, पैसे कोणत्या शाखेत पाठवायचे ते सांगणारा आयएफएससी कोड मात्र बदलला. बँकेने दारावर सूचना लावली होती म्हणे. गुडघे धरून घरी बसलेल्या बाईला ती कशी दिसणार?

मग तुम्ही कपाटातून एक जाड छापील गठ्ठा काढलात. परत आलेल्या पैशांची यादी. पट्टी ओळीखाली धरून, पेन्सिलचं टोक एकेका नावावरून खाली नेत तुम्ही शोधत होतात. आत्याचं नाव सापडलं तिथे बारीक टिक केलीत आणि पासबुकातला खाते क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचून जुळवलात. पुढच्या महिन्याच्या यादीतही ती होती. त्याच्या पुढच्यातही. प्रत्येक महिन्याला सरकारने पैसे पाठवले होते आणि प्रत्येक महिन्याला ते परत आले होते. काउंटरच्या संगणकात फक्त ‘पाठवले’ दिसत होतं. परत आल्याची नोंद वेगळ्या यादीत, वेगळ्या टेबलावर होती, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघायचं काम नेमून दिलेलं कुणी नव्हतं. ते तुम्ही आपणहून केलंत.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत लिहून घेतलं. इतरांसाठी इथे देते. पेन्शन थांबली म्हणजे नाव कापलं गेलं, असं लगेच धरू नये. बऱ्याचदा माणूस पात्रच असतो आणि वाटेत कुठेतरी पैसा अडतो. 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँका मिळून चार झाल्या, तेव्हा पुढे कितीतरी खात्यांचे कोड बदलले. परत आलेल्यांची यादी आधी बघायची सवय तुम्हाला तेव्हापासून लागली, असं तुम्ही म्हणालात. काही खाती झोपतात: खातेदाराने स्वतः दोन वर्षं काही व्यवहार केला नाही तर बँक खातं निष्क्रिय धरते. सरकारी मदत जमा होणाऱ्या खात्यांना ही अडचण येऊ नये म्हणून त्यांची वेगळी व्यवस्था ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे, आणि ते नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू आहेत. तरी अधूनमधून शंभर रुपये स्वतः काढावेत, हा तुमचा सल्ला आत्या आता पाळते. आणखी एक प्रकार आधारचा. आधार क्रमांकावरून जे पैसे पाठवले जातात ते ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं त्या खात्यात जातात. कुणीतरी शिबिरात नवं खातं उघडून दिलं, आधार तिकडे जोडलं गेलं आणि पैसे तिकडे जमा होत राहिले, असंही घडतं. कोणत्या बँकेला आधार जोडलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं.

म्हणून काउंटरवर ‘पैसे आले का’ एवढं विचारून थांबायचं नाही. ‘परत आले का, आणि परत येण्याचं कारण काय लिहिलंय’ हे विचारायचं. हा एक प्रश्न आम्हाला आधी कुणी शिकवला असता तर आत्याच्या गोळ्या अर्ध्या झाल्या नसत्या.

पण ताई, तुमचे खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. कोड दुरुस्त करून पेन्शन चालू करणं एका फॉर्मचं काम होतं. नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, अर्ज, झालं. आम्ही तेवढ्यावर खूश होऊन उठलोही असतो, कारण ‘चालू झाली ना, मग मागचं सोडा’ हा सल्ला आम्हाला भल्या माणसांनीच दिला होता. तुम्ही मात्र म्हणालात, ‘मागचे महिनेही त्यांचेच आहेत.’ आणि टिपण लिहायला घेतलंत.

ते टिपण तुम्ही आत्याला वाचून दाखवलंत. ‘तुमच्याविषयी लिहिलंय, तुम्हाला कळायला हवं’ म्हणालात. मला ते जवळजवळ पाठ आहे. लाभार्थी या सर्व काळात पात्र होती. हयातीचा दाखला वेळेत सादर झाला असून इनवर्ड क्रमांक सोबत जोडला आहे. रक्कम दर महिन्याला पाठवली गेली व परत आली, परतीच्या याद्यांच्या प्रती सोबत आहेत. लाभार्थीकडून कोणतीही कसूर झालेली नाही, सबब थकीत रक्कम देण्यास हरकत नसावी. इतकंच. पण त्यात ‘मेहेरबान होऊन’ नव्हतं, ‘सहानुभूतीने’ नव्हतं. तिचं देणं आहे, ते द्यायचं राहिलं आहे, अशा भाषेत ते लिहिलं होतं. म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसाला सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे आधार द्यावा, हे राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये लिहिलेलं आहे. ऑफिसातल्या साध्या कागदावर कुणी तसं वागताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अर्जावर सही करताना आत्याचा हात थरथरत होता. भाऊसाहेबांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तशी आमच्या गावातही निघाली. त्या शाळेत ती थोडीफार शिकली आणि देवनागरीत सही करते. मागे रांगेत माणसं होती, मी तिला अंगठाच उठव म्हणणार होते. तुम्ही शाईचा पॅड बाजूला सारलात आणि म्हणालात, ‘सावकाश करा, मावशी.’ ती सही पुरी होईपर्यंत तुम्ही कुणालाही पुढे बोलावलं नाहीत.

फाइल पुढे सहज गेली असं नाही. काही महिने मागच्या आर्थिक वर्षातले होते, त्यासाठी वेगळी मंजुरी लागेल असा शेरा मारून ती एकदा परत आली. तुम्ही त्या शेऱ्याला उत्तर लिहिलंत आणि फाइल पुन्हा वर पाठवलीत. मला फोन करून सांगितलंत की आता पणजीपर्यंत हेलपाटा नको, मावशींना बसने आणू नका, मी कळवीन. आणि खरंच कळवलंत. मी तोवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून ठेवला होता. 10 रुपये फी आणि 30 दिवसांत उत्तर. देशाचा कायदा 2005 मध्ये आला, पण गोव्याने 1997 मध्येच स्वतःचा केला होता, याचा मला अभिमान आहे. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदाही गोव्यात 2013 पासून आहे. हे कायदे हवेतच, आणि ज्यांना तुमच्यासारखं कुणी भेटत नाही त्यांनी ते जरूर वापरावेत. माझा तो अर्ज फाइलीतच राहिला.

तुमच्या वरिष्ठांना दोन शब्द सांगायचे आहेत, आणि तेही मनापासून. पाठवलेल्या पैशांची यादी आणि परत आलेल्यांची यादी दर महिन्याला जुळवून बघण्याचं काम एका टेबलाला नेमून द्या. सलग दुसऱ्या महिन्यात ज्याचे पैसे परत येतील त्याला पत्र पाठवा, पंचायतीत नाव लावा, नाहीतर फोन करा. पैसे का आले नाहीत हे शोधण्याचा भार गुडघे दुखणाऱ्या बाईवर पडू नये. मृत माणसांच्या खात्यात पैसे जात राहू नयेत म्हणून दाखले मागता, ते योग्यच आहे. मग जिवंत माणसाचे पैसे अडले तर त्याचा शोधही तितक्याच तत्परतेने घ्या. हे एका ताईंच्या चांगुलपणावर सोडू नका. त्यांची बदली झाली की पुढच्या माणसाने कोणती पट्टी कोणत्या ओळीखाली धरायची?

थकलेली सगळी रक्कम आत्याच्या खात्यात एकदम जमा झाली. पासबुक छापून घेतलं तेव्हा तिने ती ओळ दोनदा वाचायला लावली. तिथून आम्ही थेट फार्मसीत गेलो, मग दुकानाची उधारी फेडली. दुकानदाराने एकदाही मागितली नव्हती, त्याचेही आभार इथेच मानते. आत्या रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा घरच्यांच्या नावांबरोबर आता ‘त्या ऑफिसातल्या बायचं देव बरें करूं’ असं म्हणते.

आमच्या वाड्यावरच्या एका काकांची दिव्यांगांची पेन्शनही अशीच बंद आहे. तुमच्याकडून शिकले तसं आधी त्यांचं पासबुक बघितलं. शाखा बदललेली आहे. हयातीच्या दाखल्याची पोच, नव्या पासबुकाचं पहिलं पान आणि आधार, तिन्हींच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. सोमवारी त्यांना घेऊन येते आहे. आत्याने तुमच्यासाठी घरच्या काजूगरांची पुडी बांधून ठेवली आहे. तुम्ही ऑफिसात काही घेत नाही हे मी तिला सांगितलं, तेव्हा म्हणाली, मग चवथीला घरी यायला सांग. तिचं हे आमंत्रण तेवढं नाकारू नका.

तुमची,
सत्तरी तालुक्यातली एक भाची