निधीविना सक्ती

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक हायस्कुलांत ‘एथ्निक स्टडीज’ (विविध वांशिक समूहांचा इतिहास व संस्कृती यांचा अभ्यास) सक्तीचे करणे निधीअभावी लांबले, या बातमीवर आनंद आणि संताप दोन्ही व्यक्त झाले. कायदा मात्र फारसा कुणी वाचलेला दिसत नाही. २०२१च्या ‘एबी १०१’ या कायद्यातच अट होती की, विधिमंडळाने पैसे दिले तरच सक्ती लागू. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ते मिळाले नाहीत. म्हणजे शाळांना मनाई नाही, फक्त बंधन नाही.

माझ्या मते हा विलंब योग्यच. एका सत्राच्या या विषयासाठी स्वतंत्र शिक्षक-परवाना नाही. बहुधा इतिहास-सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकावर तो सोपवला जातो. तयारी नसली की तो आयता मजकूर उचलतो आणि वादाची सुरुवात तिथूनच होते. स्थानिक अभ्यासक्रम आधी शाळा मंडळाच्या एका जाहीर सभेत मांडायचा आणि पुढच्या सभेत मंजूर करायचा, असे याच कायद्यात म्हटले आहे. कॅलिफोर्नियातीलच सांता आना शालेय जिल्ह्यात (स्कूल डिस्ट्रिक्ट) अशा अभ्यासक्रमाची आखणी बंद दाराआड झाल्याचा दावा कोर्टात गेला आणि २०२५मध्ये तडजोड होऊन तीन अभ्यासक्रम थांबवावे लागले. फ्रीमाँट-क्युपर्टिनो या कॅलिफोर्नियातील शहरांतल्या मराठी पालकांनी समाजमाध्यमांवर भांडण्यापेक्षा पहिल्याच सभेत मसुदा मागावा. दुसऱ्या सभेत मतदान असते. तेव्हा बदल सुचवायला उशीर झालेला असतो.

– एक वाचक, पुणे