छत्रीखालचे सिमकार्ड

दादर, कुर्ला, अंधेरी स्टेशनांबाहेर छत्री लावून सिमकार्ड विकणारी मुले दिसतात. गिऱ्हाईक लोकलच्या घाईत. ‘अंगठा नीट लागला नाही, परत ठेवा,’ म्हटले की आपण निमूट ठेवतो. त्या दुसऱ्या ठशावर आपल्या नावे आणखी एक सिम चालू होऊ शकते, आणि पुढे ते ठगांच्या हाती! एकाच्या नावे ९ जोडण्यांची मुभा असल्याने जास्तीचे सिम खपूनही जाते. विक्रेत्यांची नोंदणी सक्तीची झाली खरी, पण गिऱ्हाईकाला ती दिसते कुठे? कंपन्यांनी नोंदणी क्रमांक छत्रीवरच ठळक छापावा. आपल्या नावावरचे नंबर ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येतात. अनोळखी नंबराची तक्रारही तिथेच करता येते.

– एक वाचक, परळ, मुंबई