ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र: किती मायक्रोमोल ते नको, उन्हात किती टक्के ते विचारा

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

स.न.वि.वि.

ऊन आणि पाणी वापरून हायड्रोजन बनवणाऱ्या मेटल ऑक्साइडच्या नॅनोपार्टिकल्सवर सरकारी पैसा खर्च होतो हे चांगलंच आहे, तक्रार त्याबद्दल नाहीये. तक्रार आहे ती पैसे देताना काय बघितलं जातं त्याबद्दल. प्रपोजल असो की रिपोर्ट, मिरवला जातो तो एकच आकडा, एका ग्रॅम पावडरने (म्हणजे याच नॅनोपार्टिकल्सने) तासाला किती मायक्रोमोल हायड्रोजन दिला; मायक्रोमोल हे रेणू मोजायचं एक छोटं माप. आता हा आकडा दिवा कुठला, भांडं कसं, पावडर किती यावर वरखाली होतो, बऱ्याचदा पावडर कमी टाकली तरी 'प्रति ग्रॅम' आकडा फुगतो, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

खरी गोम पुढेच आहे, मिथेनॉल. प्रकाश पडला की ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, राहतो, इलेक्ट्रॉनने हायड्रोजन करायचा आणि होलने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा. यातलं ऑक्सिजनचं काम जास्त किचकट, एका रेणूसाठी चार होल लागतात. म्हणून ढीगभर प्रयोगांत पाण्यात मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमीनसारखं रसायन घालतात, ते होल खाऊन टाकतं आणि अवघड अर्धा पेपर ऑप्शनला जातो! शास्त्र समजून घ्यायला हे ठीक आहे, आम्हीही करतो, पण त्याला "पाण्यापासून इंधन" म्हणू नये, कारण ते मिथेनॉल आज मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतं.

टक्क्यांचंही तसंच. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, तेव्हापासूनची अडचण ही की तो अल्ट्राव्हायोलेटच घेतो आणि उन्हात अल्ट्राव्हायोलेट असतं जेमतेम चार-पाच टक्के. 2020 मध्ये जपानच्याच डोमेन यांच्या ग्रुपने ॲल्युमिनियम घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर 96 टक्क्यांपर्यंत क्वांटम एफिशियन्सी (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी आले ते) दाखवली, मिथेनॉल वगैरे न घालता, फारच सुंदर काम आहे ते. पण ते 350-360 नॅनोमीटरच्या, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटच्याच प्रकाशात. त्याच जातीचा कॅटॅलिस्ट (ही रासायनिक क्रिया घडवणारी पावडर) घेऊन त्यांनीच 100 चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर मांडलं तेव्हा ऊन ते हायड्रोजन एफिशियन्सी, म्हणजे उन्हातल्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेला वाटा, जास्तीत जास्त 0.76 टक्के आली, आणि हा आकडाही त्यांनी 2021 मध्ये न लपवता छापला. रोज पाच तास कडक ऊन धरलं तर तेवढ्या पॅनेलमधून दिवसाला साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आतच हायड्रोजन येतो, हिशोब कोणीही करून बघावा. साधं सोलर पॅनेल इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला) जोडलं तरी 10 टक्क्यांच्या वर जाता येतं. तेव्हा भाषणात 96 सांगायचे की 0.76 हे तुमच्या भाषणं लिहिणाऱ्यांनी नीट ठरवावं.

मग हे बंद करायचं का? अजिबात नाही. पावडरचं पॅनेल रचनेला साधं आहे, मटेरियल सुधारलं तर पुढे स्वस्त पडू शकतं. पण सुधारणा कुठे अडलीय ते बघा ना, आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजच, स्वस्त, दिसणारा प्रकाशही घेतो, पण त्यातला होल दोन-चार नॅनोमीटर जाऊन संपतो, म्हणून तर कण इतके बारीक करायचे, आणि त्याचा इलेक्ट्रॉन बाहेरून व्होल्टेज दिल्याशिवाय हायड्रोजन करूच शकत नाही. क्युप्रस ऑक्साइडचा इलेक्ट्रॉन करू शकतो, तर तो पाण्यात प्रकाशाखाली स्वतःच खराब होतो. अशा कामाला पाच-सात वर्षं शांतपणे लागतात आणि दरवर्षी मोठा आकडा मागितला की माणूस मिथेनॉलकडेच वळणार.

म्हणून मागणी एवढीच की 'हायड्रोजन उत्पादन' म्हणून पैसे मागणाऱ्यांना शुद्ध पाण्यातली, खऱ्या उन्हातली एफिशियन्सी विचारा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन 2:1 प्रमाणात निघाले का ते विचारा, आणि महिनाभर चालवून किती उरलं तेही. एक सामायिक टेस्टिंग साइट काढा, तिथे सगळ्यांची पॅनेल्स एकाच उन्हात ठेवा. आणि ज्याचं काम फक्त मूलभूत आहे त्याला तसं लिहायची मोकळीक द्या, त्याची ग्रँट कापू नका.

आपला,
मटेरियल्समध्ये काम करणारा एक संशोधक

ता.क. या पॅनेलमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात आणि ते मिश्रण स्फोटक असतं. वेगळं करणाऱ्या मेम्ब्रेनचा आणि सेफ्टीचा खर्च बजेटमध्ये आधीच धरायला सांगा.