अर्धवट पार्ट नंबरमुळे दोनदा चुकीचे बेअरिंग आल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

वॉशिंग मशीनच्या ड्रमसाठी मी आपल्या साइटवरून बेअरिंग मागवले. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर होता ६२०५-२आरएस. तोच जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला आणि वर आले ते घेतले. खोका उघडला तर आत ६२०५-झेडझेड. बदलून मागितले, तर पुन्हा झेडझेडच आले.

यावर आपल्या विभागाचे उत्तर असे: "ऑर्डरमधला कोड आणि खोक्यावरचा कोड जुळतो, त्यामुळे वस्तू बरोबर आहे." हा कोड म्हणजे आपला एसकेयू. तो आपण आपल्या गोदामाच्या सोयीसाठी दिलेला आहे, बेअरिंग बनवणाऱ्याने नव्हे. एकाच एसकेयूखाली दोन वेगळे माल ठेवले तर तो कोड दर वेळी जुळणारच.

पार्ट नंबरमधल्या शेवटच्या अक्षरांना आपल्याकडे कुणी महत्त्व देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ६२०५ मधल्या ०५ ला ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिमी. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. ही मापे २आरएस आणि झेडझेड दोन्हींची सारखीच, त्यामुळे चुकीचे बेअरिंगही जागेवर चपखल बसते. बसवणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. फरक झाकणात आहे. २आरएसला दोन्ही बाजूंनी रबरी सील असते. नखाने दाबले तर किंचित दबते आणि त्याची कड आतल्या रिंगला टेकलेली असते. झेडझेडला पत्र्याची चकती असते, ती रिंगला टेकत नाही, बारीक फट राहते. धुळीपुरते ते ठीक आहे. पण ड्रममागचे मोठे सील जरा जरी झिरपले, तर त्या फटीतून पाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो आणि मशीन घरघरायला लागते. मग सगळे पुन्हा खोलायचे. हे काम किती किचकट असते ते मी नुकतेच अनुभवले आहे.

बारकोड स्कॅन केला होता, असेही मला सांगण्यात आले. बारकोडखालच्या १३ आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीचे १२ नीट वाचले गेले का, एवढेच तपासतो. ग्राहकाने मागितलेली वस्तू हीच का, हे त्याला कळत नाही. आणि आलेल्या खोक्यावरचा बारकोडचा नंबर आपल्या पानावर दिलेल्या बारकोडच्या नंबराशी जुळतही नाही. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. त्याच पानावरच्या प्रतिक्रियांत एकाला रबराचे मिळाले आहे, दुसऱ्याला पत्र्याचे.

मला ६२०५-२आरएस पाठवा, आणि ते निघण्यापूर्वी कुणीतरी खोका उघडून रिंगवर कोरलेला नंबर स्वतः वाचावा. झेडझेड आपल्या खर्चाने परत न्यावे. शिवाय उत्पादकाचा पार्ट नंबर पानावर पूर्ण छापावा, आडव्या रेघेनंतरच्या अक्षरांसकट, आणि या दोन बेअरिंगची पाने व एसकेयू वेगळे करावेत. तोपर्यंत हे पान विक्रीतून काढून ठेवावे. माझे मशीन अजून उघडेच पडले आहे, म्हणून उत्तर लवकर द्यावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: दोन्ही खोक्यांचे, जुन्या बेअरिंगचे आणि आपल्या पानाचे फोटो