निकालाआधीची पावले

संपादक महोदय,

समलैंगिकतेला गुन्हेगारीतून मुक्त करणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाचे स्मरण होते, मात्र तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध देण्यास नकार मिळाल्यावर ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या छोट्या गटाने १९९४ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ला दिलेले आव्हान क्वचितच आठवले जाते. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात समलैंगिकांच्या हक्कांसाठी निघालेल्या पदयात्रेत जेमतेम १५ जण होते. आमच्या गावच्या पोळ्याला याहून अधिक बैलजोड्या असतात. हा इतिहास महानगरी आवृत्तीपुरता न ठेवता, जिथे समलैंगिक मुलगा लग्नाच्या धाकाने घर सोडतो, त्या आमच्या तालुक्यांच्या पुरवणीतही छापावा, ही विनंती.

एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ