ढीग धुण्याआधी नीट बघ

कागल, ५ एप्रिल

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

दोन किलो बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, लावून साडेतीन किलो बटाटे निघाले आणि त्यातले निम्मे गोट्यांएवढे, हे वाचून वाईट वाटलं. सहा बाय दहा फुटांच्या वाफ्यातून दहा-बारा किलोंची अपेक्षा धरलीस ती काही जास्त नव्हती. पण 'आता परड्यात बटाटा नको' हा निर्णय एवढ्यात घेऊ नकोस. आणि ढीग अजून धुतला नसशील तर धुऊही नकोस. धुतलेला बटाटा लवकर सडतो, शिवाय कुठं काय चुकलं ते माती लागलेल्या ताज्या बटाट्यावरच नीट कळतं.

सावलीत गोणपाट पसर आणि एकेक बटाटा हातात घेऊन बघ.

भेगा पडलेले किंवा गाठीवर गाठ आल्यासारखे वेडेवाकडे असतील तर पाणी कमीजास्त झालं. आठ-दहा दिवस माती सुकली की वाढ थांबते, साल घट्ट होते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की गर सालीपेक्षा जोरात वाढतो आणि साल फाटते. बोट जाईल एवढे उथळ, कुरतडलेले खड्डे असतील तर ती हुमणी, मातीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची पांढरी अळी. आपल्या ऊसपट्ट्यात ती आहेच, आणि कच्चं शेणखत घातलं की हमखास येते. सुईएवढं भोक, डोळ्याजवळ, तोंडाशी काळी विष्ठा, ही पाकोळीची, म्हणजे बटाट्यावरच्या बारक्या पतंगाची अळी. मातीबाहेर उघड्या पडलेल्या किंवा जमिनीच्या भेगांतून दिसणाऱ्या बटाट्यावर पाकोळी अंडी घालते. असला एक जरी बटाटा टोपलीत राहिला तर महिन्याभरात सगळी टोपली पोखरली जाते, म्हणून हे आधी बाजूला काढ. सालीवर खरबरीत खवले असतील तर तो खवल्या रोग. त्यानं चव बिघडत नाही, सोलून खाता येतात. तू वाफ्यात चुलीची राख घातलीस ना? आपल्या काळ्या मातीत चुना आधीच जास्त असतो, राखेनं तो गुण आणखी वाढतो आणि खवल्याला तेच मानवतं.

आता एक तपासणी मन लावून कर. संशय येईल तो बटाटा देठाच्या बाजूनं आडवा काप. सालीच्या आत पाव इंचावर तपकिरी कडं दिसलं तर बटाटा दाब. कड्यातून दुधट, चिकट थेंब वर आले तर तो बांगडी रोग, म्हणजे जिवाणूंची मर. भर दुपारी झाडं हिरवीच्या हिरवी माना टाकत होती का, तेही आठवून बघ. बांगडी असेल तर त्या वाफ्यात तीन वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची काही नको. मका, कांदा, लसूण घे. ते बटाटे खतखड्ड्यात टाकू नकोस, जाळून टाक. दाबल्यावर काही आलं नाही तर घाबरू नकोस.

पण तुझ्या ढिगात जास्त आहेत ते बारीक, गुळगुळीत, निरोगी बटाटे. त्यांचं कारण तुझ्या पत्रातच आहे: लागवड २४ डिसेंबरची. बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. लावल्यावर साधारण महिन्यानं जमिनीतल्या खोडातून सुतळीएवढे पांढरे फुटवे आडवे निघतात आणि त्यांची टोकं फुगतात, तोच बटाटा. हे फुगणं रात्रीच्या गारव्यावर चालतं. रात्र २० अंशांखाली असली की पानांनी दिवसभर केलेली साखर खाली उतरते. रात्र उबदार झाली की झाड ती पाला वाढवण्यात आणि श्वसनात संपवतं. माती ३० अंशांच्या आसपास तापली की फुगणं जवळजवळ थांबतंच. तुझी टोकं फुगायला लागली जानेवारीअखेर. आपल्याकडं महाशिवरात्रीनंतर ऊन चढतं, मार्चात दुपारी पारा ३५ च्या पुढं जातो. म्हणजे भरायच्या दिवसांतच उन्हाळा आला. पाला मांडीएवढा झाला होता असं तू कौतुकानं लिहिलंस, तेही त्याचंच लक्षण. वरून युरियाच्या जादा मुठी पडल्यानं झाड आणखी पाल्याकडं वळलं. तुझ्या मेहनतीत कसर नव्हती, तारीख चुकली.

आता आहेत त्यांचं काय करायचं ते सांगतो. हिरवट भाग जाड कापून टाक, फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा फेकूनच दे, पोरांना तर नकोच. ते विष शिजवून जात नाही. गोटीएवढे सालीसकट मिठाच्या पाण्यात उकड, कोरडे कर आणि तेलात कांदा-लसूण चटणी घालून परत. साल कोवळी असल्यानं छान लागतात. कापले गेलेले, भेगाळलेले चार-दोन दिवसांतच वापरायचे. जास्त असतील तर कीस कर, ऊन आहेच. सोलून थेट पाण्यात किसायचं, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा बदलायचं, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून निथळायचं आणि कापडावर पातळ पसरायचं. किलोभर बटाट्याचा वाळलेला कीस पाव किलोच्या आतच भरतो. बिनडागी बटाटे अंधारात, हवेशीर टोपलीत, कांद्यापासून लांब ठेव.

बारीक बटाटे ऑक्टोबरातल्या लागवडीच्या बेण्याला ठेवायचा मोह होईल. ठेवू नकोस. पानं मुरडणारा विषाणू लागलेल्या झाडालाही बारीकच बटाटे येतात, आणि नजरेनं ते ओळखता येत नाहीत. शिवाय सहा-सात महिने उन्हाळ्या-पावसाळ्यात घरी राहिलेलं बेणं सुरकुतून म्हातारं होतं, त्याचे कोंब नाजूक निघतात. बाजारातल्या खायच्या बटाट्याचंही तेच, त्याच्या आरोग्याची खात्री नसते. प्रमाणित बेणं घे, ३० ते ५० ग्रॅमचं, अख्खं. आपल्या ओल्या, भारी मातीत कापलेली फोड कुजते. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी हे १९६८ पासूनचे जुने वाण आहेत. पण तुला कुफरी सूर्या मिळाला तर तोच घे. गरम रात्री सोसण्यासाठीच तो काढला आहे. शीतगृहातलं बेणं आणल्यावर आठ-दहा दिवस विरळ उजेडात पसर, आखूड जाड कोंब आले की लाव.

लागवड ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून १५ नोव्हेंबरपर्यंत. परतीचा पाऊस गेल्यावर वाफसा येऊ दे, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ दे, चिखलात लावायचं नाही. तुझ्या वाफ्याला १२ किलो मुरलेलं शेणखत, २०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, ११० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि फक्त ६० ग्रॅम युरिया. आणखी ६० ग्रॅम युरिया महिन्यानं, भर देताना, म्हणजे बुंध्याशी माती चढवताना. त्यापुढं युरिया बंद. वरंबे दोन फुटांवर, बेणं वीतभर अंतरावर. झाड वीतभर झालं की भर दे, पंधरा दिवसांनी पुन्हा. फुटवे मातीखाली राहिले तर बटाटे होतात, बाहेर आले तर पाला होतात. पाणी सहा ते आठ दिवसांनी, वरंब्याच्या अर्ध्या उंचीच्या वर नको. सरीत उसाचं पाचट पसरलंस तर माती गार राहते आणि भेगाही कमी पडतात.

काढणीआधी दहा दिवस पाणी तोड. अंगठ्यानं घासल्यावर साल सुटली नाही की काढ.

हुमणीचं काम मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबणारं नाही. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. तुझ्या कुंपणालाच कडुनिंब आहे. अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडतील ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाक. तीन-चार संध्याकाळी सलग कर, शेजाऱ्यांनाही सांग.

कापलेल्या बटाट्यात कडं दिसलं तर मला लगेच कळव, आणि तसलाच एक न कापता कागदात गुंडाळून ठेव. रविवारी येतो तेव्हा बघतो.

तुझे
बाबा