पार्क विकलं, मग आमच्या पासचं काय? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी एका मनोरंजन पार्कच्या फाटकावर माझ्या मुलीचा पास चालला नाही. तिथल्या मुलाने कार्ड शर्टाला पुसून पुन्हा यंत्रासमोर धरलं, पुन्हा लाल दिवा. मागे रांग खोळंबली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हा जुन्या मॅनेजमेंटचा पास आहे. आता सिस्टीममध्ये दिसत नाही." कार्डावर मुदत छापलेली होती आणि ती संपायला अजून पाच महिने बाकी होते.

मधल्या काळात पार्क विकलं गेलं होतं. आम्हाला त्याचं ना पत्र आलं, ना मेसेज. फाटकावरचा नवा रंग आणि नवी पाटी पाहूनच आम्हाला ते कळलं. खिडकीवर सांगितलं, फरक भरा, नवीन पास घ्या. जुन्या कंपनीचा फोन लागत नव्हता, पाठवलेला ईमेल परत आला. मी नव्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की ते पास "आधीच्या व्यवस्थापनाने" दिलेले असल्यामुळे त्यांची जबाबदारी आमच्यावर येत नाही. त्या पार्कचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. एका पार्कला धडा शिकवण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

माझी मुलगी त्या दिवशी का रडली तेही सांगते. त्या पार्कमधल्या मोठ्या रोलर कोस्टरच्या तोंडाशी उंचीची पट्टी आहे, १४० सेंटीमीटरची. पास घेतला तेव्हा ती पट्टीला दोन बोटं कमी पडत होती. वर्षभराचा पास आम्ही घेतला तोच या हिशेबाने, की वर्ष संपायच्या आत ती पट्टीपर्यंत पोचेल. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेपुढे तारीख आहे. फाटकावर लाल दिवा लागला त्या दिवशी ती १४१ होती.

मंत्रिमहोदय, वार्षिक पास म्हणजे नेमकं काय, तेवढं आधी पाहू. एका दिवसाचं तिकीट घेतलं की संध्याकाळपर्यंत व्यवहार पुरा होतो. पासचं तसं नाही. त्यात आम्ही आज सगळे पैसे मोजतो आणि पार्क पुढचे कित्येक महिने सेवा द्यायचं कबूल करतं. म्हणजे आम्ही त्या धंद्याला आगाऊ, बिनव्याजी पैसे दिलेले असतात. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, गर्दी नसते तेव्हा पार्कचे पगार आणि वीजबिलं याच पैशांतून भागतात. हिशेबनीसांना हे पक्कं ठाऊक असतं. कंपन्यांच्या लेखा मानकांप्रमाणे, म्हणजे इंड एएस ११५ प्रमाणे, पासचे पैसे हातात आले म्हणून ते लगेच उत्पन्न धरता येत नाहीत. जी सेवा अजून द्यायची आहे तिच्या वाट्याची रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला राहते.

मग पार्क विकत घेणाऱ्याला हा आकडा दिसत नाही का? दिसतोच. सौद्याआधी त्याचे सनदी लेखापाल आणि वकील महिनोन् महिने कागद तपासतात. किती पास विकले गेले, किती मुदत शिल्लक आहे, हे सगळं बघूनच किंमत ठरते. ही देणी आहेत म्हणून किंमत कमी करून घेतली असेल आणि नंतर ती द्यायचीही नाकारली, तर खरेदीदाराला एकाच गोष्टीचा दोनदा फायदा होतो. विकणाऱ्याने देणी स्वतःकडे ठेवली असतील, तर ती फेडायला तो मागे उरायला तरी हवा. दोन्ही बाजूंनी सापडतो तो पासधारकच. त्या टेबलावर त्याच्या बाजूने बोलणारं कोणीच नसतं.

पार्क "विकलं" हा शब्द आपण एकच वापरतो, पण त्यामागे वेगवेगळे व्यवहार असतात आणि पासधारकाचं नशीब त्यावर ठरतं. कंपनीचे शेअर विकले गेले तर मालक बदलतो, पण कंपनी तीच राहते. तिने केलेले करारही तसेच राहतात, त्यामुळे "जुन्या मॅनेजमेंटचा पास" या सबबीला तिथे कायद्याचा आधारच नाही. कंपनीऐवजी नुसता धंदा, म्हणजे राइड, नाव आणि जागेचा भाडेपट्टा विकला, तर कुठली देणी सोबत जाणार हे खरेदी-करारात लिहिलेलं असतं, आणि तो करार ग्राहकाला कधीच बघायला मिळत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर प्रकरण आणखी अवघड. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनी सावरण्याची योजना एकदा मंजूर झाली की त्या योजनेत न धरलेले जुने दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. बँका आपले दावे वेळेत दाखल करतात. शाळेच्या सुट्टीसाठी पास घेतलेल्या आईला दावे मागवणारी जाहीर सूचना दिसते तरी कुठे? आणि फाटकावर उभी असताना आपलं पार्क या तिन्हींपैकी कुठल्या मार्गाने विकलं गेलं, हे तिने ओळखायचं कसं?

मालक बदलणं वाईटच असतं असं मी म्हणत नाही. अडचणीतल्या पार्कला पैसा असलेला मालक मिळाला, तर बंद पडलेल्या राइड पुन्हा चालू होतात, माणसांच्या नोकऱ्या वाचतात. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं आणि कर्जाच्या ओझ्यातून २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. ते आजही चालू आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण पार्क बंद पडलं की ते सहसा परत उभं राहत नाही.

पण हा धंदा जिथे सगळ्यात मोठा आहे त्या अमेरिकेत काय काय झालं, ते आपल्या खात्याने जरूर पाहावं. ओहायो राज्यातलं जिऑगा लेक हे शंभर वर्षांहून जुनं पार्क २००४ मध्ये सीडर फेअर कंपनीने साडेचौदा कोटी डॉलरना घेतलं. २००७ चा हंगाम संपला आणि काही दिवसांतच कंपनीने जाहीर केलं की राइडचा भाग आता कायमचा बंद. शेवटच्या दिवशी जे लोक तिथे होते, त्यांना तो शेवटचा दिवस आहे हे ठाऊकच नव्हतं. पुढे १ जुलै २०२४ रोजी हीच सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्स या दोन कंपन्या एक झाल्या आणि ४२ पार्क एका छत्राखाली आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या त्यांच्याच पार्कमधला किंगडा का हा १३९ मीटर उंचीचा, तेव्हाचा जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर बंद झाल्याचं सांगण्यात आलं, तेही त्याची शेवटची फेरी होऊन गेल्यानंतर. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पाडलाही. राइड कधी काढायची हा मालकाचा अधिकार आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या हंगामाचा पास विकताना कुठली राइड जाणार आहे हे मालकाला माहीत असेल, तर ते घेणाऱ्यालाही कळायला हवं.

याच अमेरिकेतलं दुसरं उदाहरणही देते, कारण ते चांगलं आहे. २०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद राहिली, तेव्हा याच दोन्ही कंपन्यांनी त्या वर्षीचे पास २०२१ च्या हंगामात चालवून घेतले. इतक्या मोठ्या संकटात मुदत वाढवता येते, तर साध्या खरेदी-विक्रीत का येऊ नये?

आता नव्या राइडविषयी. "या सुट्टीत नवी राइड" अशा फलकावर पास सगळ्यात जास्त खपतात. आमच्या पार्कमध्येही हिरव्या जाळीमागे असा एक फलक होता, त्यावर "लवकरच" लिहिलं होतं. मालक बदलल्यावर फलक गेला, जाळी मात्र तशीच राहिली. राइड उशिरा सुरू होण्याला माझा आक्षेप नाही, हे इथे ठासून सांगते. गाड्यांमध्ये पाण्याने भरलेले पुतळे बसवून शेकडो फेऱ्या मारल्याशिवाय, ब्रेक, सेन्सर, सीटचे अडसर पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय एकही मूल त्यात बसता कामा नये. ओहायोच्या सीडर पॉइंटमध्ये टॉप थ्रिल २ ही राइड मे २०२४ मध्ये सुरू झाली, थोड्याच दिवसांत गाड्यांच्या कामासाठी थांबवली आणि मग तो अख्खा हंगाम बंद राहिली. थांबवली ते योग्यच केलं. घाई करून कुठल्याही मालकाने राइड चालू करावी, असं मला वाटत नाही. पण त्या राइडच्या नावावर ज्याने पास घेतला, त्याला पैसे परत मागण्याची किंवा मुदत पुढे नेण्याची मुभा हवी. आज आपल्याकडे पासच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकच वाक्य असतं, "कोणतीही राइड पूर्वसूचनेशिवाय बंद ठेवली जाऊ शकते", आणि सगळं त्याच एका वाक्यावर भागवलं जातं.

या सगळ्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही, म्हणूनच मी हे पत्र आपल्याला लिहिते आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अन्याय्य करार म्हणजे काय ते सांगितलं आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय, त्याचं नुकसान होईल अशा रीतीने करार दुसऱ्याच्या हाती देण्याची मुभा हा त्यातलाच एक प्रकार, आणि सबळ कारण नसताना एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार हा दुसरा. माझ्या मुलीच्या पासचं जे झालं ते जणू समोर ठेवूनच हे कलम लिहिलं असावं, असं मला ते वाचताना वाटलं.

अडचण आहे ती दाद मागण्यात. सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण करारातली अटच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल, तर जिल्हा आयोगाला ते ऐकता येत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. एका पाससाठी कोण जाईल? वकिलाची फी तर सोडाच, प्रवासखर्चच पासच्या किमतीच्या वर जातो. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पलीकडची मुलगी अतिशय सौजन्याने बोलली, तक्रार क्रमांकही मिळाला. पण "पासच्या मूळ कंपनीचं नाव सांगा" या तिच्या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, कारण कार्डावर फक्त पार्कचं नाव छापलेलं होतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आपल्याच खात्याखाली २०२० पासून काम करतं आणि मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा त्याला अधिकार आहे. हॉटेलांतल्या सेवा शुल्काबाबत त्याने २०२२ मध्ये तो वापरला, ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांबाबत २०२३ मध्ये. पार्कच्या पासबाबतही तो वापरावा, एवढीच माझी विनंती आहे. पार्क कुठल्याही मार्गाने हातबदल होवो, मुदत शिल्लक असलेला पास नव्या मालकाने त्याच सवलतींसह चालवावा, आणि ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे पासधारकाने अर्ज न करताही परत जावेत. हे सगळ्यात आधी. पासवर कंपनीचं पूर्ण नाव आणि तक्रारीचा पत्ता छापणं सक्तीचं करावं. व्यवहार पक्का झाला की प्रत्येक पासधारकाला ठरावीक दिवसांत कळवावं; पास घेताना फोन नंबर घेतलेलाच असतो, त्यावर सुट्टीच्या जाहिराती अगदी वेळेवर येतात. नव्या राइडची जाहिरात करून पास विकायचा असेल, तर ती केव्हा सुरू होणार हे लिहावं आणि ती तारीख चुकली तर पासधारकाला काय मिळेल तेही. आणि दिवाळखोरीच्या प्रकरणांत पासधारकांची यादी कंपनीच्या नोंदींतूनच दाव्यांमध्ये धरली जावी, यासाठी आपल्या खात्याने कंपनी व्यवहार मंत्रालयाशी बोलावं.

एक गोष्ट राहिली. ती पासची नाही, पण मला तितकीच महत्त्वाची वाटते. पार्क हातबदल होताना राइडच्या देखभालीच्या नोंदवह्याही नव्या मालकाकडे जायला हव्यात. कुठला बोल्ट कधी बदलला, कुठल्या वेल्डिंगला कधी तडा दिसला होता, हे त्या वह्यांत असतं किंवा पंधरा वर्षं तिथे काम करणाऱ्या फिटरच्या डोक्यात असतं. नवी कंपनी आल्यावर असे जुने लोक आधी घरी जातात. हा विषय आपल्या खात्याचा नाही याची मला कल्पना आहे, पण ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंत तो आपण पोचवावा.

फाटकावरच्या त्या मुलाची काहीच चूक नव्हती. त्याने आम्हाला बाजूला सावलीत खुर्ची दिली, पाणी आणून दिलं आणि मुलीला म्हणाला, "पुढच्या वेळी ये हं." पास, पावती, कंपनीचं उत्तर आणि हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक यांच्या प्रती मी आपल्या कार्यालयाकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवल्या आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक पासधारक आई